बहुतेक टळलं

फोनवर भेलावेंच्या बोलण्यापेक्षा गारांचाच आवाज जास्त येत होता.

"ऐकू येतंय का, लांजेवार मॅडम? पत्र्यावर वाजून राहिलंय!" ते ओरडत होते. "लिंबाएवढ्या आहेत. समोरचं कडुनिंबाचं झाड आत्ता पडलं. हे तुमच्याकडेच सरकतंय बरं का. सांभाळा."

लाइन तुटली. मी घड्याळात पाहिलं. दोन वाजून पाच मिनिटं.

भेलावे आमच्यासारख्याच एका छोट्या वेधशाळेत होते, आमच्या वायव्येला साठेक किलोमीटरवर. आमची वेधशाळा म्हणजे झाडीपट्टीतल्या एका तालुक्याच्या गावी दोन खोल्या, अंगणात तापमापकांची पांढरी पेटी आणि छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. २००१ सालचा मे महिना होता. मी सत्तावीस वर्षांची होते आणि नोकरीला तिसरं वर्ष लागलं होतं.

सकाळपासूनच माझं लक्ष उडालेलं होतं. आठवडाभर कोरडा, भाजून काढणारा पश्चिमेचा वारा होता. त्या दिवशी पहाटे तो फिरला आणि आग्नेयेकडून यायला लागला. साडेआठच्या नोंदीत ओल्या फडक्याचा तापमापक आदल्या दिवसापेक्षा पाच अंशांनी वर होता. म्हणजे हवेत एका रात्रीत पाणी भरलं होतं. दुपारी पारा चव्वेचाळीसवर गेला. खाली एवढी ऊब, एवढी ओल, आणि आता भेलावेंचा फोन. मी कागदावर गणित मांडलं. तासाला तीस किलोमीटर धरले तर चारच्या सुमाराला वादळ आमच्या उत्तरेकडच्या जंगलातल्या गावांवर येणार होतं.

आणि चार वाजता त्या गावांतली सगळी माणसं उघड्यावर असणार होती. मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा, विडीच्या पानांचा हंगाम. लोक पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, दुपारी घरी पुडके बांधतात आणि ऊन कलायला लागलं की ते संकलन केंद्रावर घेऊन येतात. केंद्र म्हणजे नुसतं मोकळं मैदान. पुडके मातीवर ओळीनं मांडायचे, ठेकेदाराचा दिवाणजी मोजून घेणार, तोवर रांगेत उभं राहायचं.

मी आतल्या खोलीत गेले. खानझोडे साहेब माठाशेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं.

"वर कळवलंस?"

"कळवलं. संध्याकाळच्या पत्रकात बघतो म्हणाले."

"मग झालं तर."

"साहेब, संध्याकाळपर्यंत..."

"प्रमिला," ते म्हणाले, "मंगळवारी काय झालं ते विसरलीस का?"

विसरले नव्हते. मंगळवारी मी स्वतःच्या जबाबदारीवर पळसटोल्याला फोन केला होता, वादळ येतंय म्हणून. तिथलं केंद्र बंद ठेवलं गेलं. दिवसभर आभाळ निळंशार राहिलं आणि बांधलेले पुडके लोकांच्या घरात पडून वाळून गेले. ठेकेदार वेधशाळेत येऊन साहेबांना नाही नाही ते बोलून गेला होता.

"आपलं काम नोंदी घ्यायचं," साहेब म्हणाले. "इशारा वरून येतो. माझ्या सहीशिवाय इथून बाहेर एक शब्द जाणार नाही, हे मी तुला बजावलं होतं. तुझ्याच भल्यासाठी सांगतो, लागोपाठ दोनदा तोंडघशी पडलीस तर तिसऱ्यांदा तुझं कुत्रंसुद्धा ऐकणार नाही."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत येऊन पाच मिनिटं बसले. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात तीन गावांना फोन लावले. दोन ठिकाणी कोणीतरी 'बघतो' म्हणालं. पळसटोल्यात फोन किराणा दुकानात होता. दुकानदारानं माझा आवाज ओळखला. "आज नाई बाई," एवढंच म्हणून त्यानं ठेवून दिला.

पळसटोल्याचं मैदान तिन्हींत मोठं. त्यावर झाड म्हणावं तर मधोमध एक मोह. पाऊस आला की माणसं धावत कुठं जातील हे मला खोलीत बसून दिसत होतं.

मी कोऱ्या कागदावर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि लूना काढली.

अठरा किलोमीटर. डांबर वितळून चाकाला चिकटत होतं. पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते आणि डोक्याला बांधलेली ओढणी चटका बसेल इतकी तापली होती. मैदानावर शंभराच्या वर माणसं जमली होती. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं. दिवाणजी खाटेवर वही उघडून बसले होते. गेंदलाल तुरकर त्यांचं नाव. पन्नाशीच्या आतबाहेरचा, रुंद खांद्यांचा माणूस. डोक्याला पांढरा दुपट्टा.

"मंगळवारच्या मॅडम तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"आज काय घेऊन आल्या?"

मी सांगितलं. भेलावेंचा फोन, गारा, चारची वेळ. आजूबाजूची माणसं ऐकत होती. शिवलाल नावाचा एक तरुण मोठ्यानं हसला. "दिवाणजी, घरी जाऊ द्या मग. पुडके बकऱ्या खातीन."

दिवाणजी हसले नाहीत. वायव्येकडे हात आडवा धरून बघत राहिले. झाडांच्या वर एक पांढरा डोंगर उभा होता. त्याच्या बुडाशी काळं होतं.

"ढग तर हाये," ते म्हणाले. "पन असे ढग रोजच दिसतेत."

"दिवाणजी, मी रजा टाकून आलेय. साहेबांना न विचारता. इथंच थांबते मी. नाही आलं वादळ, तर उद्या ठेकेदाराला घेऊन या आणि साहेबांसमोर माझं नाव सांगा."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वही मिटली.

"या उन्हात गाडीवर आली पोरगी," ते रांगेकडे वळून म्हणाले, "एक घंटा बसून घेऊ. रांग मोडनार नाई. ज्याचा नंबर जिथं हाये तिथंच राहील, माझी जबान हाये."

मैदानाच्या कडेला ठेकेदाराचं गोदाम होतं. जाड भिंती, वर स्लॅब, एकच लोखंडी दार. दाराच्या बाजूला, उत्तरेकडे, उंचावर दोन झरोके. बाकी तिन्ही भिंती बंद. दिवाणजींनी कुलूप काढलं आणि एकेकाला नावानं हाक मारून आत घातलं. आपापले पुडके मातीवर तसेच ठेवून लोक आत आले. पण जरा वेळ गेला की कोणी ना कोणी उठायचं. कोणाला पुडक्यांवर फडकं टाकायचं असायचं, कोणाला नुसतं बघून यायचं असायचं. एक गेला की मागून चार जायचे. शेवटी मीच म्हणाले, "दिवाणजी, कडी लावा."

त्यांनी कडी लावली.

तिथून पुढचा तास मला आजही मिनिटामिनिटानं आठवतो. एकशे बारा माणसं आत होती. नंतर सरकारी कागदात आकडा आला म्हणून माहीत. लोखंडी दार तव्यासारखं तापलं होतं. जुन्या पानांच्या धुळीनं घसा धरला होता. दिवाणजी पिंपातून पाण्याचे पेले भरून माणसांच्या डोक्यांवरून पुढे पाठवत होते, आणि पेला अर्ध्यात पोचेपर्यंत रिकामा होत होता. चार वाजले. काही आलं नाही. सव्वाचार झाले. एक तान्हं मूल रडता रडता गप्प झालं, तेव्हा त्याच्या आईनं घाबरून त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि ते पुन्हा रडलं.

"मॅडम, तुमचं घड्याळ मागं हाये का?" शिवलालनं विचारलं. कोणीतरी हसलं. नंतर कोणी हसलं नाही.

"आमाले कोंडून मारता का?"

"मंगळवारी पुडके गेले, आज आमी जातो."

"दार उघडा ना बाप्पा!"

मी दाराला पाठ लावून उभी होते. पाठ भाजत होती, पण हलले तर दार उघडतील अशी भीती होती. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त माझी. मी चुकले असेन तर हे तान्हं मूल माझ्या नावावर जाणार होतं. समोरच एक म्हातारी जुन्या बारदानांच्या गठ्ठ्यावर बसली होती. सायत्राबाई कुमरे. माझ्याकडे बघत होती, बस.

साडेचारला मी पिंपावर चढून झरोक्यातून पाहिलं.

तो पांढरा डोंगर ढासळला होता. वरचा भाग चपटा होऊन विरत चालला होता, बुडाचं काळं फाटलं होतं आणि त्यातून मागचं आभाळ दिसत होतं. ढग मेला की कसा दिसतो हे मी पुस्तकात शिकले होते आणि डोळ्यांनीही पाहिलं होतं. मेलेलाच होता तो. वाराही पडला होता. मी पाच मिनिटं बघत राहिले. मग खाली उतरले. सुटल्यासारखं वाटत होतं की लाज वाटत होती, सांगता येणार नाही.

दिवाणजी जवळ आले. "काय दिसलं?"

एवढ्या गलक्यात त्यांना ऐकू जावं म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकले.

"बहुतेक टळलं," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी मान हलवली, दुपट्ट्यानं मान पुसली. "चांगलंच झालं ना मग," ते म्हणाले. "मी पुडके पलटवून घेतो, एका बाजूनं भाजले असतीन. तुमी एकेकाले सोडा. एकदम नोका सोडू, चेंगरतीन."

मी कडी काढली. ते बाहेर पडले. त्यांच्या मागे सगळं गोदाम उठून उभं राहिलं.

आणि सायत्राबाई बारदानांवरून उतरली, दारात आली आणि उंबरठ्यावर आडवी बसली. पाय लांब करून.

"सरक ना बुढे!" शिवलाल ओरडला.

"नाई सरकत."

"दिवाणजी गेला ना!"

"त्याचा माल हाये, त्याले जाऊ दे. पोट्टेवाल्या बाया हायेत इथं. बसा अजून थोडं." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मंगळवारी या पोरीनं फोन केला होता. आज सोता आली. खोटं सांगाले कोनी एवढ्या उन्हात येते का?"

टळलं, असं मी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. किंवा दिवाणजींना परत बोलवायला हवं होतं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. दाराची कडी हातात धरून उभी राहिले. म्हातारीला ओलांडून जायचं कोणाला धाडस झालं नाही. माणसं कुरकुरत पुन्हा बसली.

दहा मिनिटं झाली असतील. आधी गार वाऱ्याचा झोत आत आला. इतका गार की लोक सुखावून 'आहा' म्हणाले. मला मात्र त्या क्षणी कळलं. दारासमोरची धूळ आमच्यापासून दूर, उत्तरेकडे पळत होती. म्हणजे तो झोत दक्षिणेकडून वळसा घालून आला होता. गोदामाच्या पाठीमागून.

उत्तरेचा ढग मेला होता, हे मी बरोबर पाहिलं होतं. पण मरताना त्यानं खाली सोडलेली गार हवा जमिनीवरून पसरत आमच्या बाजूनं पुढे गेली होती, आणि तिनं गोदामाच्या मागच्या बाजूची सगळी ऊब, सगळी ओल वर उचलली होती. नवा ढग आमच्या पाठीशी उभा राहिला होता. त्या बाजूला झरोका नव्हता.

"दिवाणजी!" मी ओरडले.

ते मैदानाच्या मधोमध होते. पुडक्यांवर टाकलेल्या ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यात सुटलं होतं, ते पायाखाली दाबून दुसरं ओढत होते. त्यांनी माझा आवाज ऐकला असावा. मान वळवली. मग पहिल्या गारा दारावर आपटल्या, शिवलालनं म्हातारीला बखोटीला धरून आत ओढलं, आणि पुढचं मला दिसलं नाही. नुसता पांढरा उजेड आणि त्याच क्षणी आवाज. दोन्हींमध्ये अंतर नव्हतं.

पंचवीस मिनिटं वादळ चाललं. मोहाचं झाड उभं चिरलं. पुडके उडून जंगलात गेले. गोदामात एकाही माणसाला ओरखडा आला नाही. दिवाणजी ताडपत्रीजवळ पडले होते. दुपट्टा थोडा जळला होता, बाकी झोपल्यासारखे.

चार दिवसांनी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. तरुण हवामान निरीक्षिकेमुळे एकशे बारा जण वाचले. खानझोडे साहेबांनी माझा रजेचा अर्ज फाडून टाकला आणि त्या जागी दौऱ्याची नोंद केली. त्यांनीच अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं : 'श्री. गेंदलाल तुरकर हे वारंवार सूचना देऊनही इशारा न जुमानता बाहेर गेल्याने मृत्युमुखी पडले.' साहेबांनी मला दुखवायला लिहिलं नव्हतं. त्यांना तसंच वाटलं होतं. सगळ्या गोदामाला तसंच वाटलं होतं.

खाली माझी सही आहे.

जूनमध्ये जिल्ह्याच्या गावी सत्कार झाला. पळसटोल्याहून लोक ट्रॅक्टरनं आले होते. सायत्राबाईंनी मला लुगडं दिलं. गर्दी पांगल्यावर मी त्यांना मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले.

"आजी, तुम्ही समोरच होता. मी दिवाणजींना काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग मला हे कशाला देता? मी सांगून टाकते सगळ्यांना. आत्ताच सांगते."

त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"सांगशीन. मंग पुढच्या बारीनं तू फोन करशीन, तं कोन ऐकन?" त्या म्हणाल्या. "दिवाणजी तं येत नाई परत. चूप राय."

मी चूप राहिले. आणि त्यांचं म्हणणं खरं ठरत गेलं, हेच वाईट झालं. पुढच्या मे महिन्यात मी फोन केला की मैदानं पंधरा मिनिटांत रिकामी व्हायची. 'लांजेवार मॅडमनं सांगितलं' एवढं पुरायचं. कधी वादळ यायचं, कधी नाही. कोणी जाब विचारला नाही. दिवाणजीनं ऐकलं नाही म्हणून काय झालं, हे आया पोरांना सांगायच्या. माझ्या प्रत्येक फोनमागे तो माणूस हट्टी म्हणून उभा होता. दर हंगामात वाटायचं, हा शेवटचा, यानंतर बोलू. मग दुसरा हंगाम यायचा. बदलीची संधी दोनदा आली, दोनदा मी नाही म्हणाले. लोकांना वाटलं, मॅडमना या भागाचा लळा आहे.

बावीस वर्षं गेली. आता विजेची सूचना लोकांच्या मोबाइलवर येते. माझ्या शब्दाची कोणाला गरज उरलेली नाही. गेल्या पौषात सायत्राबाई गेल्या. त्यांच्या तेराव्याला पळसटोल्याला गेले आणि परत येताना गाडी दिवाणजींच्या गावाकडे वळवली.

त्यांची बायको अनुसयाबाई अंगणात हरभरा निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची आणली, पाणी दिलं. मी खुर्चीवर बसले नाही. त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. झरोका, मेलेला ढग, कानात बोललेले दोन शब्द, कडी, अहवालावरची सही. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यांचे हात सुपात थांबले होते. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी 'जा' म्हटलं म्हनून गेले ते?"

"टळलं म्हणाले मी. म्हणून गेले."

"तुमचं ऐकून गेले."

"हो."

"मले सारे म्हणले, मॅडम थांबा थांबा म्हणत होत्या अन् तुझा नवरा मालासाठी धावला." त्यांचा आवाज चढला, पण माझ्यावर नाही. "बावीस वर्षं मी त्या माणसाच्या फोटोसमोर उभी राहून भांडली. पानांसाठी जीव दिला म्हनून. पोराले बापासारखा हट्टी म्हनून मारलं मी."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. पदरानं हात पुसले, कमरेचा मोबाइल काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर शोधला. त्यांचा मुलगा नागपूरला असतो. फोन लागेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"योगराज," त्या म्हणाल्या, "कामावर हायेस का? बाहेर ये जरा. नाई रे, मी बरी हाये." त्यांनी श्वास घेतला. "तुझ्या बापानं ऐकलं होतं रे पोरा. त्यानं ऐकलं होतं."